उपासाचे पैसे मोजा, गरीब निधीची वही वेगळी ठेवा: पास्टोरेट कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांचे पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद यांना,

प्रभूच्या नावात सलाम.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या उपासकाळाचा पहिला दिवस, अजून लांब आहे, पण बहुतेक मंडळ्यांत पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक याच दिवसांत कमिटीपुढे येते, म्हणून हे पत्र आत्ता लिहीत आहोत. पाळकांचा पगार, डायोसिसचा (धर्मप्रांताचा) हिस्सा, लाइटबिल, इमारतीची डागडुजी, नाताळ आणि ईस्टर हे सगळे मांडून झाले की तळाला 'गरिबांना मदत' अशी एक ओळ राहते. तिच्यापुढे गेल्या वर्षीचाच आकडा उतरवला जातो. वर्षअखेरीला त्यातले बरेच पैसे शिल्लक दिसतात आणि वार्षिक सभेत त्याचे कौतुकही होते. गावातले गरीब संपले म्हणून हे पैसे उरत नाहीत. वस्तीवर जाऊन कोणी विचारले नाही म्हणून उरतात.

आमचे म्हणणे असे आहे की गरीब निधी हा सगळे भागवून उरलेल्यातून द्यायचा पैसा नाही. तो आपल्या ताटातून काढून ठेवायचा आहे. आणि ताटातून काढलेला असल्यामुळेच तो कुठे, कधी आणि कोणाच्या हातून जातो याचा हिशेब इमारत निधीपेक्षा जास्त काटेकोर हवा.

हे आम्ही नवीन काढलेले नाही. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तीदाने सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना लिहिले की, यांच्यात कोणी गरीब असेल आणि द्यायला यांच्याकडे जास्तीचे काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपास करून त्याला अन्न पुरवतात. त्याच शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्माचा मेंढपाळ' या ग्रंथात तर कृतीच दिली आहे: उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्या, एरवी जे जेवला असता त्याची किंमत काढा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. किंमत काढा, हे त्यातले महत्त्वाचे शब्द. आपण लेंटमध्ये मटण सोडतो, गोड सोडतो, काही जण चहा सोडतात. वाचलेले पैसे मात्र घरखर्चात मिसळून जातात आणि ईस्टरच्या दिवशी दुप्पट मटण येते. यशयाच्या 58व्या अध्यायात देवाने भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा उपास मागितला आहे हे पुलपिटावरून दरवर्षी वाचले जाते, पण त्या वाचनानंतर कोणी पाकीट वाटत नाही.

तर आधी आकडे. राखेच्या बुधवारपासून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात. घरातल्या दोन मोठ्या माणसांनी दर शुक्रवारी एक जेवण सोडले आणि माणशी एका जेवणाचे 40 रुपये धरले, तर घरामागे 560 रुपये होतात. साठ घरांच्या मंडळीत 33,600. महिना 800 रुपयांच्या किराण्याने सात घरांना सहा महिने हात देता येईल एवढी ही रक्कम आहे. यात कोणाकडे जास्तीची वर्गणी मागितलेली नाही, कोणाला दशांशावरून, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानावरून, बोल लावलेला नाही.

पद्धत साधी ठेवा. लेंटच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घराला सात पाकिटे द्या. त्यांवर नाव नको, फक्त 'शुक्रवार 1', 'शुक्रवार 2' असे आकडे. पैसे शुक्रवारीच पाकिटात जायला हवेत. रविवारी सकाळी आठवण झाली की माणूस खिशात असेल ते घालतो आणि मग ते नेहमीचे दान होते, उपासाचे राहत नाही. भक्तीनंतर थैलीतली पाकिटे दोघांनी मिळून तिथेच फोडायची, रक्कम मोजायची, वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच दार लावायचे. मोजणी सोमवारवर गेली की चूक नसतानाही कुजबुज सुरू होते. क्यूआर कोडने घेत असाल तर तो मंडळीच्या खात्याचा हवा. खजिनदारांच्या मोबाइलवर घेऊन नंतर भरण्याची सोय कितीही प्रामाणिकपणे केली, तरी चौथ्या महिन्यात ताळा लागत नाही, कारण त्याच मोबाइलवर त्यांच्या घरचा दूधवालाही असतो आणि भिशीही असते.

खेड्यातल्या मंडळीत पैशांपेक्षा धान्य सोपे जाते. दोन भाकरींना साधारण 150 ग्रॅम पीठ लागते. दोन माणसांच्या चौदा जेवणांचे मिळून एका घरामागे दोन किलोंवर धान्य जमते. पण पीठ घेऊ नका. बाजरीचे पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होते, ज्वारीच्या पिठात महिन्याभरात अळी होते. धान्यच घ्या, एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवा, पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरा आणि कोठी फरशीवर न टेकवता लाकडी पाटांवर ठेवा. मिझोरामच्या मंडळ्यांत शंभराहून अधिक वर्षे बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत. तिथे ते प्रामुख्याने मंडळीच्या सेवाकार्याला जातात, आपल्याला ते विधवेच्या डब्यात जायला हवेत. पण ती रीत टिकली कशी हे बघण्यासारखे आहे: मूठ रोजची, गोळा करणे नियमाने, आणि जमलेल्याची नोंद ठेवलेली.

कोणाला उपास करायला सांगू नये हेही त्याच रविवारी स्पष्ट सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, टीबीचे औषध चालू असलेले, वाढीच्या वयातली मुले. आणि ज्या घराला आपण मदत देतो त्या घराला पाकीट द्यायचेच नाही. आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. 'घरातल्या कोणीतरी एक जेवण सोडा' असे मोघम सांगितले की ते जेवण आईच सोडते. ती आधीच सगळ्यांच्या मागून, टोपल्यात उरलेल्यावर जेवत असते. म्हणून पाळकसाहेबांनी पुरुषांना उद्देशून सांगावे आणि कमिटीच्या सभासदांनी स्वतःपासून सुरुवात करावी. प्रेषित पौलाने करिंथकरांना प्रभूची कृपा सांगताना तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला असे लिहिले, तेही याच संदर्भात, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी मागताना. त्यागाची अपेक्षा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून आहे.

विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी लहान नाण्यांचा, उतारा अशा वेळी हटकून वाचला जातो. तो दानासाठी दबाव आणायला वापरू नका, ही हात जोडून विनंती. मार्काच्या 12व्या अध्यायात त्या उताऱ्याच्या लगेच आधीचे वचन विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी आहे. तिने आपली सगळी उपजीविका टाकली हे प्रभूने पाहिले. संध्याकाळी तिच्या चुलीवर काय होते, हा प्रश्न मंडळीने आपल्याकडे घ्यायचा आहे. जिथे वर्गणी थकलेल्यांची यादी फलकावर लागते, तिथे त्या यादीतली पहिली दहा नावे नीट वाचा. गरीब निधीची यादी करायला तिथूनच सुरुवात होईल.

आता वही. गरीब निधीचे खाते वेगळे, वही वेगळी, सह्या दोन. 'सध्या पत्रे बदलायला घेऊ, नंतर परत टाकू' हा ठराव एकदा झाला की ते पैसे परत येत नाहीत, कारण परत टाकण्याची तारीख त्या ठरावात कधीच नसते. ज्या कारणासाठी माणसाने जेवण सोडले त्याच कारणाला तो पैसा गेला पाहिजे. पौलाने यरुशलेमेची वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसे बरोबर घेतली आणि कारणही लिहून ठेवले: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आमच्यावर दोष ठेवू नये. प्रेषिताला हे गरजेचे वाटले, तर आपल्या खजिनदाराला वाटायला कमीपणा कसला? वार्षिक अहवालात किती घरे, किती महिने, एकूण किती रुपये एवढेच छापा. नावे नकोत. वहीत घरांना क्रमांक द्या आणि क्रमांकांची किल्ली पाळक आणि भेटी देणाऱ्या दोघांकडेच ठेवा.

पैसे लेंटमध्ये जमतात, पण ते लगेच वाटू नका. आणि नाताळात तर मुळीच वाटू नका. यावर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक इथे होते.

नगर, बीड, जालना भागातल्या मंडळ्यांतली कितीतरी घरे ऊसतोडीची आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडीची जोडी, मुकादमाबरोबर कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. नाताळात जेव्हा आपण चर्चच्या पायऱ्यांवर ब्लँकेटे वाटतो आणि फोटो काढतो, तेव्हा हे लोक सांगली-कोल्हापूरच्या फडात पाचटाच्या कोपीत असतात. ब्लँकेट त्यांना मिळते ज्यांना गेल्या वर्षीही मिळाले होते. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे. त्यांना डिसेंबरात एक ब्लँकेट नको असते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला डाळ, तेल आणि कोणीतरी डोकावून जाणारे माणूस हवे असते.

परत आलेल्यांचे वाईट दिवस वेगळे. जून ते सप्टेंबर. उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, काही उरलेले नसते, शेतात खुरपणीपलीकडे काम नसते, नवे पीक घरात यायला वेळ असतो आणि पावसाळ्यात आजारपण येते. दवाखान्याला पैसे लागले की मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतली जाते आणि ती फेडायला पुढचे सहा महिने गहाण पडतात. ऑगस्टमध्ये दिलेले 3,000 रुपये या साखळीतली एक कडी तोडू शकतात. डिसेंबरातले 3,000 तोडू शकत नाहीत. म्हणून लेंटच्या पैशांतला मोठा वाटा जून ते सप्टेंबरसाठी राखा आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावाचे पैसे नोव्हेंबर ते मार्चला लावा. लिलावात भोपळा आणि कोंबडी चढ्या भावाने घेणाऱ्यांना पैसे कुठे जाणार हे आधी सांगितले तर ते आणखी चढवतील.

किराणा देण्याआधी एक काम आहे आणि ते पैशांचे नाही. घराला जे हक्काने मिळायला हवे ते मिळते का, हे बघणे. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य रेशनवर फुकट आहे. आपल्या निधीतून गहू-तांदूळ विकत घेऊन वाटणे म्हणजे बहुतेक वेळा सरकारने द्यायचे तेच दुसऱ्यांदा देणे, आणि डाळ-तेलाला पैसे न उरणे. कार्ड हातात घेऊन बघा. सुनेचे नाव चढले आहे का, मेलेल्याचे नाव तसेच आहे का, प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषाच राहिलेल्या नसतात. दुकानातल्या यंत्रावर ती तीन-चार वेळा अंगठा टेकवते, पदराने पुसते, पुन्हा टेकवते, लाल अक्षरे येतात, आणि मागची रांग कुरकुरायला लागल्यावर ती पिशवी गुंडाळून घरी जाते. दुकानदार म्हणतो, उद्या या. तिच्याबरोबर एक माणूस जायला हवा, जो दुसरी बोटे लावून बघायला सांगेल, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर धान्य मागेल आणि नंतर तिला आधार केंद्रावर नेऊन ठसे नव्याने घ्यायला लावेल. एका दुपारचे काम आहे. त्याने वर्षाचे धान्य सुटते.

तसेच निराधारांचे. 65 वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी यांना संजय गांधी निराधार योजनेत आणि 65च्या वरच्यांना श्रावणबाळ योजनेत महिना 1,500 रुपये मिळतात, अपंगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची आहे (अपंगांसाठी 50,000). अर्ज तहसीलला. अडते कुठे, तर बहुतेक वेळा नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर. माणूस फडात किंवा परगावी वारला, नोंद 21 दिवसांत झाली नाही, मग वर्ष उलटले, आणि आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. इथे मंडळीकडे अशी एक वस्तू आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही: दफनाची नोंदवही. तिच्यातला सहीशिक्क्याचा उतारा पुरावा म्हणून जोडता येतो. वयाला बाप्तिस्म्याच्या नोंदीचा आधार देता येतो. हे उतारे गरिबांना विनाशुल्क आणि त्याच दिवशी द्या, आणि वर्गणी बाकी आहे म्हणून कधीही अडवू नका. दुसरी अडचण आपल्या नावांची. आधारवर एलिझाबेथ, रेशनवर इलिजाबाई, बँकेत आणखी तिसरेच. पैसे मंजूर होऊनही खात्यात पडत नाहीत ते यामुळे. आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा राहिला की चालू असलेले अनुदानही बंद होते. भेटी देणाऱ्यांच्या वहीत प्रत्येक घरापुढे ही तारीख लिहिलेली असावी.

बाकीचे थोडक्यात. घरातला कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा 20,000 रुपये मिळतात. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना 1,000. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. डिपॉझिट भरण्याआधी तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाच्या दाखल्यासह भेटा, बिल हातात पडल्यावर नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीबद्दल एक खुलासा: 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, पण महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात येतात. तो दाखला दहावीच्या सुट्टीतच काढा. जुलैत प्रवेशाच्या वेळी धावाधाव केली की फी निधीवर येते.

हे सगळे लावून दिल्यावर जे उरते ते किराण्याचे. 800 रुपयांत बाजारभावाप्रमाणे तूरडाळ 2 किलो, तेल 2 लिटर, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ 1 किलो, मीठ, तिखट-हळद आणि अंगाचा-कपड्यांचा साबण एवढे बसते. पिशव्या भरून चर्चमध्ये वाटण्यापेक्षा गावातल्या एका किराणा दुकानात खाते उघडा आणि घराला चिठ्ठी द्या. बाई स्वतः दुकानात जाते, तिला हवी ती डाळ घेते, तेल आहे तर साबण जास्त घेते. चार लोकांदेखत पिशवी उचलायची वेळ येत नाही. यात बिघडते ते असे: दुकानदार चिठ्ठीवर तंबाखू किंवा रोख देतो, नाहीतर भाव चढवतो. म्हणून चिठ्ठीवर वस्तूंची यादी छापलेली असावी, बिल महिन्याच्या महिन्याला तपासावे, आणि दुकान कमिटीतल्या कोणाचे नसावे. शेवटची अट अवघड जाईल याची कल्पना आहे. तरीही ती सोडू नका.

घरे कोणी ठरवायची? प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात पहिल्या मंडळीतले पहिले भांडण लिहिले आहे आणि ते शिकवणीवरून नव्हते, वाटपावरून होते. रोजच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवा मागे पडत होत्या. त्यावर सात जण निवडले गेले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सगळी वाटणी दिली गेली. आपल्याकडे हा अध्याय डीकनांच्या (मंडळीच्या सेवकांच्या) दीक्षेला वाचला जातो, आणि वाटपाची कमिटी मात्र गावातल्या दोन-तीन शिकलेल्या, पेन्शनर घरांतली राहते. वाडीवरचे, वीटभट्टीवरचे, पाहुणे म्हणून मागच्या बाकावर बसणारे तिच्यात नसतात. म्हणून आमची मागणी आहे की गरीब निधीच्या पाच जणांच्या समितीत दोन जागा विधवांच्या असाव्यात, त्यातली एक वाडी-वस्तीवरची, आणि तिची वर्गणी भरलेली असण्याची अट नसावी. कोणाच्या घरी रात्री चूल पेटली नाही हे तिला विचारावे लागत नाही.

भेटीला दोघांनी जावे, त्यातली एक बाई. वसईच्या धर्मग्रामांत काम करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली तेव्हापासून दोघांनी मिळून घरी जाण्याची रीत पाळते. आपणही ती घ्यावी. गेल्या गेल्या वही उघडू नका. पाणी दिले तर प्या. तेलाची बाटली कुठपर्यंत आहे, औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या संपून किती दिवस झाले, शाळेची वेळ असून मूल घरी का, हे बघणाऱ्याला दिसते. लिहायचे ते बाहेर पडल्यावर. 'तुमचा मुलगा पुण्याला आहे ना?' हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. पौलाने तीमथ्याला लिहिले आहे की विधवेला नातलगांनी पोसावे, मंडळीवर भार टाकू नये. हे वचन आपल्या कमिट्यांना पाठ असते. पण मुलगा पैसे पाठवत नसेल, तर तो पाठवीपर्यंत तिने उपाशी राहावे असे त्यात लिहिलेले नाही. 2007च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिकाला मुलांकडून निर्वाह मिळावा म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो करायचा की नाही हे तिने ठरवावे. बहुतेक आया करत नाहीत. मदत त्यावर अवलंबून ठेवू नका.

अचानकच्या गरजेसाठी 5,000 रुपये पाळक आणि समितीतल्या एका बाईकडे कायम हातात असावेत. मीटिंगची वाट न बघता खर्च करायचे आणि आठ दिवसांत पावती द्यायची. मरण आले की पेटी, कबर खोदणाऱ्यांची मजुरी, गाडी हे सगळे चार तासांत लागते, आणि त्याच चार तासांत माणूस व्याजाने पैसे काढतो. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान याने दुसऱ्या शतकाच्या अखेरीला मंडळीच्या पेटीतले पैसे कशाला जातात ते सांगितले, त्यात गरिबांना पोसणे आणि त्यांना मूठमाती देणे ही दोन पहिली आहेत.

आणि निधीतला चौथा हिस्सा मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांसाठी ठेवा. 362 साली रोमन सम्राट युलियनाने, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या पुजाऱ्याला तक्रारीच्या सुरात लिहिले की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात. असा दाखला विरोधकाकडून मिळाला होता. या शेजाऱ्यांना किराण्याच्या चिठ्ठीबरोबर धर्मपत्रिका देऊ नका, रविवारी या असे म्हणू नका, नाव कुठल्या यादीत चढवू नका. भुकेल्या माणसाला हो म्हणण्यावाचून पर्याय नसतो, म्हणून त्या वेळी त्याला काही विचारणेच चुकीचे आहे.

यातले सगळे पहिल्याच वर्षी होणार नाही. येत्या मीटिंगमध्ये तीन ठराव तेवढे घ्या: गरीब निधीचे वेगळे खाते, पाच जणांची समिती दोन विधवांच्या जागांसह, आणि सात शुक्रवारची पाकिटे. पाकिटे छापायची गरज नाही, कोऱ्या पाकिटांवर तरुण संघाची मुले एका संध्याकाळी आकडे घालतील. सेक्रेटरींनी राखेच्या बुधवारआधीच्या दोन रविवारी जाहीर वाचून दाखवावे आणि पहिल्या शुक्रवारचे पहिले पाकीट कमिटीच्या सभासदांचे असावे.

आपले नम्र,
निरनिराळ्या मंडळ्यांत गरीब निधीचे काम पाहणारे सभासद